पालकांच्या विनंतीवरून

पेण, ता. ४ ऑगस्ट १९९१

ती. शांतवनमामांस एस्तेरचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

तुम्ही दुरुस्त केलेलं घड्याळ पाच मिनिटं पुढे पळतं, त्यामुळे मी शाळेत सगळ्यांआधी पोचते. हेडसर खूश आहेत. यंदा दहावीचा वर्ग माझ्याकडे दिलाय. निकाल शंभर टक्के लागला तर माझं नाव दारातल्या फलकावर रंगवणार. आपल्या मंडळीतलं पहिलं नाव असेल ते. धन्याने सोपवलेलं धन न वाढवता जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची बायबलातली गोष्ट तुम्हीच शिकवलीत ना?

एकच काळजी होती. कासू गावची मालू, मिठागरावर राबणाऱ्या काळुरामची मुलगी. काही केल्या इंग्रजीत पास होईना. हेडसर म्हणाले, तिला शाळा सोडल्याचा दाखला द्या, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसेल, आपला निकाल तरी बिघडणार नाही. मालूने दाखल्याच्या अर्जावर बापाचा अंगठा आणून दिला. दाखला मीच लिहिला. आता वर्गात अडतीस राहिले.

मामींच्या गुडघ्याचं कळवा. प्रार्थनेत मला विसरू नका.

तुमची एस्तेर


रोहा, ता. १९ ऑगस्ट

चि. एस्तेर हिस शांतवनमामाचे आशीर्वाद.

घड्याळ नाय गो, तूच पुढे पळत असशील. मामीचा गुडघा कुरकुरतो, जीभ ठणठणीत आहे.

रागावू नकोस, एक विचारतो. चाकराची गोष्ट बरी ध्यानात राहिली, मेंढपाळाची कुठे गेली? शंभरातलं एक हरवलं तर तो बाकीची रानात सोडून निघतो. तुझ्या हेडसरांनी त्याला सांगितलं असतं, ते एक मेंढरू वहीतूनच काढ, म्हणजे हरवलंच नाही. मी चौथी शिकलेला माणूस, चुकत असेन. मालू आता काय करते ते मात्र कळव.

इकडे स्टेशनात, माझ्या घड्याळांच्या टेबलासमोरच्या बाकावर, आठवडाभर एक पोरगी येऊन बसते. सकाळच्या गाडीने येते, संध्याकाळच्या गाडीने जाते. निळा युनिफॉर्म, लाल रिबिनी. इंग्रजीचं एकच पान पुटपुटत असते. मामीने दिलेली भाकरी तिने दप्तरात ठेवली, खाल्ली नाही. नाव सांगत नाही. फक्त विचारते, आजोबा, शाळा सुटायची वेळ झाली का?

तुझा मामा


पेण, ता. २४ ऑगस्ट

ती. मामांस सलाम.

निळा युनिफॉर्म, लाल रिबिनी आमच्याच शाळेच्या. ती मालूच आहे. तिची मैत्रीण सरू आज माझ्यापाशी रडली. काळुरामला काहीच ठाऊक नाही. परीक्षेचा फॉर्म सांगून मालूने त्याचा अंगठा घेतला होता. रोज शाळेला म्हणून निघते आणि पेणच्या गाडीऐवजी रोह्याच्या गाडीत बसते.

मी आजच यायला हवं होतं. पण सोमवारपासून शाळेची तपासणी आहे, माझा पाठ ठेवलाय. शनिवारी येते. तोवर तिला काही बोलू नका, बिचकेल. काळुरामलाही कळू देऊ नका. नुसतं लक्ष ठेवा. इतकी माया करा.

एस्तेर


रोहा, ता. २९ ऑगस्ट

चि. एस्तेर,

टपालाची वाट बघवत नाही, म्हणून पेणला निघालेल्या शेजारच्या पोपटच्या हाती हे धाडतो. तू सांगितलंस म्हणून गप्प राहिलो. ते माझंही चुकलं.

मंगळवारी मालू गाडीतून उतरली, दप्तर बाकावर ठेवून आलेच म्हणाली. आली नाही. बाजारपेठ, देऊळ, कुंडलिका नदीचा घाट, सगळं पालथं घातलं. चौकीत वर्दी दिली. काल काळुराम आला. आधी तुमच्या शाळेत गेला होता, तिथे त्याला सांगितलं की त्या नावाची मुलगी पटावर नाही. सरूने त्याला इकडे धाडलं.

दप्तर उघडलं. मामीची भाकरी वाळून कडक झालेली. सतरा नंबरचा फॉर्म कोराच. वहीत दाखला जपून ठेवलेला. काळुरामने वाचायला सांगितला, मी वाचला. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून. अक्षर तुझं, मीच पाटीवर गिरवून घेतलेलं.

तो बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी तर इनंती केली नाय."

अजून तो त्याच बाकावर बसलाय, दप्तर मांडीवर घेऊन. नदीकडे जायला तयार होत नाही, मला एकट्यालाच पाठवतो. आता पुन्हा निघालो आहे.

तपासणी संपायची वाट बघू नकोस. अडतीसजणांना वर्गात तसंच सोड आणि मिळेल त्या गाडीने ये. शोधायला मी तुझ्याबरोबर आहे. काळुरामला उत्तर मात्र तुलाच द्यावं लागेल.

प्रार्थनेत तू आहेसच. आज तुझ्याआधी मालू.

मामा