डांबरावर आई

बिदीया,
शनिवार

प्रिय हुमैद,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. मसल्लम मामाच्या ओळखीचा एक ट्रकवाला चारा घेऊन तुझ्याकडे सलालाला निघालाय, त्याच्या हाती हे देते. आत्ता वाचायचं नसेल तर नको वाचूस, पण फाडू नकोस.

इकडची खबर म्हणजे गोरी उंटीण व्यायली, मादी झाली. आईची इद्दत चालू आहे, शोकाचे चार महिने दहा दिवस ती आतल्या खोलीतच असणार. बायका येतात, कॉफी पितात, रडतात, जातात. मी मात्र अजून त्या गाडीतून उतरलेच नाही असं वाटतं. परवा शेजारच्या पोरानं टायर फोडून फटाक्यासारखा आवाज केला, तर मी भिंतीला धरून खालीच बसले.

त्या शुक्रवारचं तुला प्रत्येकानं आपापल्या परीनं सांगितलं. मामानं सांगितलं, काकांनी सांगितलं, जे तिथे नव्हते त्यांनीही सांगितलं. गाडीत मी होते, आणि मला कुणी विचारलं नाही. तूसुद्धा नाही.

आई गाडी चालवते यात काही नवं नाही, आपल्या वाळूतल्या सगळ्याच बायका चालवतात. पण आईचं चालवणं तुला ठाऊकच आहे. बाबा तिला तुझ्या नावानंच हाक मारायचे, हुमैदची आई म्हणून; म्हणायचे, ‘उम्म हुमैदच्या गाडीत बसायचं तर शिदोरी बांधून घ्यावी.’ आणि डांबर दिसलं की ती खाली उतरायची. ‘इथून पुढे तुमचं राज्य,’ म्हणून चावी त्यांच्या हातात. इतक्या वर्षांत तिनं महामार्गावर चाक घातलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारच्या तोंडाला बाबा उंटांच्या तळावर चाऱ्याच्या पेंढ्या उतरवत होते. एक पेंढी अर्धी उचलून त्यांनी परत ठेवली आणि लँडक्रूझरच्या चाकाला टेकून बसले. ‘झुवैना, छातीवर कुणीतरी बसलंय गं,’ म्हणाले. हसत म्हणाले, म्हणून मी आधी पाणीच आणायला धावले. आईनं लांबून त्यांचा चेहरा पाहिला आणि हातातली बादली तिथेच टाकून आली. फोनला तिथे रेंज नाही. मला गिअरची गाडी येत नाही, पण ते तिनं विचारलंही नाही. आम्ही दोघींनी त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. ‘डोकं मांडीवर घे. बोलत राहा त्यांच्याशी, झोपू देऊ नकोस,’ एवढंच बोलली आणि पुढे बसली.

वाळूच्या टेकड्यांवरून तिनं गाडी अशी काढली, की बाबांना एक धक्का बसला नाही. बिदीयाशी डांबर लागलं. तिथे टायरवाल्याचं दुकान जुम्म्याच्या नमाजासाठी बंद. वाळूसाठी बाबांनी चारही चाकांची हवा उतरवलेली होती. हवा न भरता महामार्गावर पळवणारा एकतर पोरसवदा असतो नाहीतर मूर्ख, हे तू त्यांच्याकडून कितीदा ऐकलंयस! आईनं त्या बंद दाराकडे एकदाच पाहिलं. तोंडावरचा बुरखा ओढून काढला, काचेपाशी फेकला, आणि गाडी इब्राच्या इस्पितळाच्या रस्त्याला लावली. घराबाहेर, दिवसाउजेडी, तिचा उघडा चेहरा मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

शंभर झाले. एकशेवीस झाले आणि वेग जास्त झाल्याची ती घंटी वाजायला लागली. एकशेचाळीस. हुमैद, ती उंच गाडी, टपावर बांधलेली पाण्याची पिंपं आणि फावडी, खाली अर्धमेली चाकं! भरल्या होडीसारखी डुलत होती. ट्रक ओलांडला की वाऱ्याच्या थपडेनं अख्खी गाडी कडेला सरकायची, आणि आई हिसडा न देता, ब्रेकला पाय न लावता, हलक्या हातानं तिला परत सरळ करायची. तापल्या रबराचा वास आत येत होता. एका हातानं बाबांचं डोकं धरून दुसऱ्या हातानं मी मामाला फोन केला, काय बोलले ते आठवत नाही. मी किंचाळले, ‘आई, चाक फुटेल!’ ‘फुटेल तेव्हा बघू. तू त्यांच्याशी बोल.’ आवाज कसा, तर रोटी भाजता भाजता बोलतेय.

बाबांनी उजवा हात सीटच्या बाजूनं पुढे घालून तिचा खांदा घट्ट धरला होता. म्हणाले, ‘उम्म हुमैद, हे कधी शिकलीस?’ ती म्हणाली, ‘तुम्ही विचारलंत कधी?’ ते हसले. खरंच हसले रे. त्यानंतर ते बोलले नाहीत, मीच बोलत राहिले. तुझं सांगत होते. हुमैद ईदला येणार आहे, त्याला बढती मिळालीय, यंदा तुम्हाला समुद्र दाखवायला नेणार म्हणतोय, असं जे सुचेल ते. डोळे रस्त्यावर आणि तोंड चालू.

आणि मग घंटी थांबली. मला आधी कळलंच नाही काय झालं. बघते तर काटा खाली येतोय. शंभर, ऐंशी, साठ. रस्ता मोकळा, चाकं शाबूत, आणि आई अगदी कडेनं, वरातीतल्यासारखी चाललेली. मी तिच्या सीटवर बुक्क्या मारल्या. ‘पळव ना! का थांबवतेस?’ तेवढ्यात मागून मामा आला, गाडी आमच्या बरोबरीला घेऊन काच खाली करून ओरडला, ‘अगं, काय गोगलगाय झालीस? हाण की!’ तिनं नुसता हात हलवून त्याला पुढे जायला सांगितलं. मामानं जे पाहिलं ते एवढंच, आणि तेच त्यानं सगळ्यांना सांगितलं.

इब्राला पोचलो तेव्हा बाबा नव्हते.

तू येईपर्यंत दफन झालं होतं. तुला माती द्यायलासुद्धा मिळालं नाही, ते शल्य मला कळतं. पण तिसऱ्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, तू आतल्या दारात उभा राहून तिला म्हणालास, ‘साठनं? माझा बाप मरत होता आणि तू साठनं चालवत होतीस?’ तू चपला घातल्यास आणि गेलास. मीही तुला अडवलं नाही. मला काही कळतच नव्हतं. घंटी का थांबली, हे तिला विचारायचं धाडस मलाही होत नव्हतं.

परवा तिला न्हाऊ घालत होते. उजव्या खांद्यावर चार बोटांचे वळ होते, काळेनिळे, आता पिवळे पडत चाललेले. मी हात लावला तशी ती म्हणाली, ‘तुझ्या बापाचे आहेत.’ आणि मग न विचारता बोलली. ‘धरलं होतं तोवर मी पळवली. हात सुटला तेव्हाच मला कळलं. मागे हात घालून नाडी पाहिली, आरशात डोळे पाहिले. माझी आई नि माझा भाऊ माझ्या मांडीवर गेलेत, मला ते डोळे कळतात. मग त्या चाकांवर कुणासाठी पळवायची होती? मागे तू होतीस.’ मी म्हटलं, ‘मला सांगितलं का नाहीस?’ म्हणाली, ‘तू त्यांना हुमैदचं सांगत होतीस. म्हटलं, सांगून होऊ दे.’

काल मी इब्राला जाऊन डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, ‘तुमचे वडील आमच्या दारात कोसळले असते तरी आम्ही त्यांना राखू शकलो नसतो.’ हे आईला येऊन सांगितलं, तर तिनं मान हलवली, जणू शेजारणीकडची खबर. मी चिडून म्हटलं, ‘मग हुमैदला का नाही सांगितलंस? चारचौघांत बोलला तुला!’ तर म्हणाली, ‘त्याला कुणावर तरी चिडायलाच हवं. अल्लावर चिडला तर कुठे जाईल पोरगं? आईवर चिडला तर कधीतरी फिरून घरी येईल.’

एवढ्यासाठी हे पत्र. मी लिहिलंय हे तिला ठाऊक नाही, आणि तिनं तुला बोलवायला सांगितलेलंही नाही. ती स्वतःहून कधीच सांगणार नाही, इद्दत संपली तरी आणि तू दहा वर्षं आला नाहीस तरी. म्हणून मी सांगते, ये. रस्ता लांब आहे, उजाडल्यावर निघ आणि घाई करू नकोस. आलास की माफी वगैरे काही बोलायची गरज नाही. ती कॉफी ओतेल, ती घे आणि तिच्याजवळ बस.

तुझ्यासारखंच तिचं लेकरू, आणि तुझीच,
झुवैना