सहाव्या टेबलाची गॅसची तोटी

मी, ईनिड मेरी गारफोर्थ, वय एक्क्याऐंशी, राहणार ११, टेंटर रो, हॅदरशॉ, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. मी रागात आहे, हे मात्र खरं, आणि तो राग दाखल्यात लिहायला मी डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी लिहिला नाही.

२०१४ सालचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं स्कारक्लिफ कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाला दिलं होतं. आता मंडळाला काहीही मिळणार नाही.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकील निकोला ऑस्टविक यांनी करावी.

२. स्कारक्लिफ सिक्स्थ फॉर्म कॉलेज १९७४ साली उघडलं, त्या दिवसापासून तीस वर्षं मी तिथे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. गिरणी कामगारांची, बसचालकांची सोळा-सतरा वर्षांची पोरं, ज्यांच्या घरातलं कोणी विद्यापीठाची पायरी चढलं नव्हतं, ती इथे दोन वर्षं शिकून पुढे गेली. एक न्यायाधीश झाली, दोघं सर्जन झाले, एक जण टीव्हीवर हवामान सांगतो. या सगळ्यांच्या परीक्षानळ्या मी धुतल्या. त्याचा मला अभिमान आहे. पुढचं लिहिते ते त्या अभिमानासकट.

३. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये सहाव्या टेबलाची गॅसची तोटी गळते, असं मी प्राचार्य लेनर्ड ट्रॅव्हिस यांना लेखी कळवलं. नोव्हेंबरात पुन्हा कळवलं, जानेवारीत तिसऱ्यांदा. तिसरं पत्र परत आलं, त्याच्या समासात त्यांच्या हातचा शेरा होता : ‘उन्हाळ्याच्या दुरुस्तीत बघू.’ मार्चमध्ये बेव्हर्ली सग्डेन नावाची सतरा वर्षांची मुलगी प्रयोग पुरा करायला थांबली, तिने काडी ओढली आणि छतापर्यंत जाळ गेला. तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशीच्या आदल्या दिवशी ट्रॅव्हिस माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं.

“मिसेस गारफोर्थ, समितीपुढे तुम्हाला बोलवायची गरज मला वाटत नाही. तुम्हाला वाटते का?”

मी म्हटलं, “नाही, सर.”

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. क्लिफर्ड म्हणाला, “बरं केलंस. तुझी नोकरी गेल्याने त्या पोरीचा हात काही बरा होणार नाही.” त्याला जाऊन बारा वर्षं झाली, पण हे वाक्य मी त्याला माफ केलेलं नाही, कारण तेव्हा ते मला पटलं होतं.

बेव्हर्लीने तोटी उघडी टाकली, असा निकाल लागला. अंतिम परीक्षेला तीन महिने असताना तिला काढून टाकलं. औषधशास्त्राला मिळालेली तिची जागा गेली. ती बाजारात पावाच्या गाळ्यावर उभी राहिली, ती आजतागायत. मी दर शनिवारी तिच्याकडून पाव घेतला. ती डाव्या हाताने पिशवी धरायची आणि मी पावाकडे बघायचे.

४. गेल्या वर्षी कॉलेजला पन्नास वर्षं झाली. मंडळाने कॉलेजच्या इतिहासाचं पुस्तक काढलं, लेखक ट्रॅव्हिसच. पान एकसष्टवर छापलं आहे की, आग बेव्हर्ली सग्डेन हिच्या निष्काळजीपणामुळे लागली, नावासकट. प्रकाशनाच्या जेवणात मी उभी राहिले आणि तोटीबद्दल बोलू लागले.

मंडळाचा अध्यक्ष डेस्मंड फर्थ म्हणाला, “मिसेस गारफोर्थ, आज आनंदाचा दिवस आहे. बसा ना.”

न्यायाधीशबाई म्हणाल्या, “चाळीस वर्षं होत आली. कोणाला आठवतंय आता?”

“पुस्तकाला आठवतंय,” मी म्हटलं.

सगळे आपापल्या ताटात बघत होते. ट्रॅव्हिस तर जेवत होते. नंतर मंडळाचं पत्र आलं : पुस्तक छापून झालं आहे, बदल शक्य नाही.

५. त्या शनिवारी पत्रांच्या कार्बन प्रती आणि शेऱ्याचा कागद घेऊन मी गाळ्यावर गेले. बेव्हर्लीने हात पुसून सगळं वाचलं.

“हे कधीपासून आहे तुमच्याकडे?”

“तेव्हापासून.”

“आई शेवटपर्यंत म्हणायची, बेव्ह, एक तोटी बंद केली असतीस तर. इतक्यांदा म्हणाली, की मलाच वाटायला लागलं, आपणच उघडी ठेवली असणार.” तिने कागदांची घडी घातली. “आई गेली, मिसेस गारफोर्थ.”

मी म्हटलं, “माझं घर तुझ्या नावावर करते.”

“घर नको. त्या पानावरून माझं नाव काढा. आणि पाव दुसरीकडून घेत जा.”

६. म्हणून माझं घर विकावं. आलेल्या पैशातून ते पान दुरुस्त होईपर्यंत मंडळाशी आणि ट्रॅव्हिस यांच्याशी कायद्याने भांडावं. तडजोडीचं पत्र आलं तर न वाचता परत करावं. माजी विद्यार्थ्यांचे अकराशे चाळीस पत्ते माझ्या कपाटात आहेत. प्रत्येकाला तिन्ही पत्रांची प्रत पाठवायची आहे. दोनशे बारा पाकिटं मी स्वतः टपालात टाकली. माझी फुप्फुसं जेवढी साथ देतील तेवढी टाकीन, उरलेली निकोला यांनी टाकावीत. मूळ कागद बेव्हर्लीचे. तिने ते जपावेत, जाळावेत, तिची मर्जी.

७. निवृत्तीच्या वेळी कॉलेजने दिलेलं चांदीचं तबक, ‘निष्ठावंत सेवेबद्दल’ असं कोरलेलं, डेस्मंड फर्थला परत करावं. ‘निष्ठावंत’ हा शब्द मी कानसीने घासून काढला आहे. कानस आणि बाकीची हत्यारं शेजारच्या विल्फ हॅगसना द्यावीत. ते वापरून जागेवर ठेवतात.

८. माझ्या अंत्यविधीत मंडळाचं फूल नको, कोणाचं भाषण नको. बेव्हर्लीला निरोप पाठवून संकोचात टाकू नये. आली तर तिला बसायला जागा द्यावी, न आली तर कोणी चकार शब्द काढू नये. मी तिची माफी मागितली आहे. तिने दिलेली नाही, आणि ती देणं तिच्यावर बंधनकारक नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे. खालील दोघांना यातून काही मिळणार नाही. दोघांच्या समक्ष सही केली.

ईनिड मेरी गारफोर्थ

साक्षीदार : १. मार्गो टॅटर्सल, ग्रंथपाल
२. ॲल्विन ब्रूक, निवृत्त टपालवाहक

हॅदरशॉ, ६ मार्च २०२५