प्लायवुड, दोन्ही बाजूंनी

सोमवार, ४ मार्च

घडले ते क्रमाने मांडते. क्रमाशिवाय मला विचार करता येत नाही.

एक: काल सकाळच्या खेळाला मी एकटीने ‘प्लायवुड’ पाहिला. दोन: त्याचे संकलन माझ्या धाकट्या बहिणीने केले आहे. तीन: चित्रपट असामान्य आहे. चार: घरी येताच मी तिला तसे मोबाईलवर सविस्तर लिहून कळवले — आयुष्यात प्रथमच, एकही दुरुस्ती न सुचवता. पाच: आज सकाळी तिचे उत्तर आले. “थट्टा पुरे, ताई.” सहा: त्यानंतर ती माझा फोन उचलत नाही.

चारातून पाच निघत नाही! तर्कशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, आणि इथे दोन विधानांची सांगड मला घालता येऊ नये?

मंगळवार, ५ मार्च

पाठवलेला मजकूर पुन्हा वाचला. त्यात थट्टा औषधालाही नाही.

दोघे भाऊ, शिंपी. चित्रपट सुरू होतो तेव्हा दुकानाच्या मधोमध प्लायवुडची भिंत आहे आणि भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. का, ते सांगितलेले नाही. एकाचे मशीन थांबले की पलीकडचा कान देतो, एवढेच. थोरला मरतो. धाकटा भिंत उचकटतो. आणि इथे, ऐन मध्यावर, सगळी श्रेयनामावली! दिवे लागतात. मध्यंतरानंतर मग शीर्षके, आणि त्यानंतर आधीची वर्षे — एकच दुकान, एकच कात्री, एकमेकांच्या शिलाईची टिंगल. ते हसतात आणि आपल्याला हसता येत नाही, कारण पुढचे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नाही. शेवटी थोरला प्लायवुडला खिळा ठोकतो. पडद्यावर एकच शब्द उमटतो: मध्यंतर.

भांडणाला शेवट न म्हणता मध्यंतर म्हणणे! हा शब्द तिथे ठेवण्याचे धाडस कोणाचे, असे मी तिला विचारले होते. ‘तुझे असेल तर मी तुला आजवर ओळखलेच नाही,’ असेही लिहिले होते.

याहून स्वच्छ स्तुती कशी करतात?

(थोरल्याची सगळीच चूक होती असे मात्र मला वाटत नाही. दुकान त्याने सांभाळले होते.)

बुधवार, ६ मार्च

आईचा फोन.

“काय लिहिलंस गं तिला? काल माझ्याकडे बसून रडली. म्हणाली, वाईट होता तर तोंडावर सांगायचं, असं टोचून कशाला बोलायचं?”

मी आईला सगळा मजकूर वाचून दाखवला.

“अगं, छानच लिहिलंयस की! मग ती रडते कशाला?”

“तेच मी तुला विचारते आहे, आई.”

“तुझं छानसुद्धा ना, बाई, ऐकणाऱ्याला निकाल लागल्यासारखं वाटतं.”

हे काही उत्तर नव्हे.

पंचवीस वर्षांपूर्वी धाकटीने पदव्युत्तर अभ्यास अर्धवट टाकला आणि संकलनाच्या अंधाऱ्या खोलीत तुकडे जोडायला बसली. तेव्हापासून तिने केलेला प्रत्येक चित्रपट मी पाहिला आहे आणि प्रत्येकातले दोष तिला कळवले आहेत. त्यावर ती कधी रडल्याचे ऐकले नाही. स्तुती केली तर रडते!

गुरुवार, ७ मार्च

मन रमेना म्हणून तो बहुचर्चित युद्धपट पाहिला. यंदाच्या पुरस्कारांची सर्वाधिक नामांकने त्यालाच आहेत. तीन तास स्फोट. नायकाला छातीत गोळी लागते आणि तो व्याख्यान देतो. माझे विद्यार्थी धडधाकट असताना इतके सलग बोलत नाहीत. नामांकनांत छायाचित्रण आहे ते समजू शकते, धूर चांगला टिपला आहे. पण पटकथा? पटकथेसाठी आधी कथा लागते.

आणि त्या गायिकेच्या चरित्रपटाला रंगभूषेचे नामांकन! केसांना पावडर फासली की वय वाढले, अशी समजूत. हात मात्र शेवटपर्यंत विशीतले.

परीक्षक चित्रपट पाहतात की नुसती पाकिटे उघडतात?

शनिवार, ९ मार्च

आज घरात जे झाले ते मला अजिबात समजलेले नाही.

नवरा काल मित्रांबरोबर ‘प्लायवुड’ पाहून आला. आज चहा पिताना म्हणाला, “शेवटी भिंत निघते ना, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं बघ.”

“शेवटी भिंत निघत नाही. लागते.”

“मध्यंतराला लागते. शेवटी निघते. मग ते व्हायोलिन वाजतं.”

“व्हायोलिन मध्यावर वाजते. तू झोपला असशील.”

“झोपलो तर कमी दिसेल. उलटं कसं दिसेल?”

उत्तर द्यायचे सोडून मी ‘मध्यंतर शेवटी येते’ एवढेच घोकले. पस्तीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडले. त्याने त्याचा आनंद लपवण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

“आणि ते ‘मध्यंतर’ शेवटी येतं म्हणतेस? अगं, मध्यंतर शेवटी आलं तर लोक पॉपकॉर्न आणायला जाऊन परत कुठे येतील?”

मी अधोरेखित करून ठेवते: मी ते शेवटी पाहिले. स्वतःच्या डोळ्यांनी. चष्मा होता.

रविवार, १० मार्च

संध्याकाळी पुरस्कार सोहळा, दूरदर्शन संचासमोर. युद्धपटाला सहा. गायिकेला रंगभूषा, अर्थातच. निवेदकाचे विनोद निवेदकालाच आवडत होते.

सर्वोत्कृष्ट संकलन: धाकटी!

नवऱ्याने टाळ्या पिटल्या. मी उभी राहिले होते, हे नंतर माझ्या लक्षात आले. ती मंचावर आली ती कोणाच्या तरी अंत्यविधीला आल्यासारखी. पुतळी हातात घेतली, तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “हा पुरस्कार दिग्दर्शकांचा आहे. क्रम त्यांनी लावला,” एवढेच म्हणाली आणि उतरली. निवेदक म्हणाला, “काय हा विनय!”

विनय? तिचा विनय मला माहीत आहे. लहानपणी गोष्ट सांगताना तिला कोणी मध्येच तोडले की चेहरा असा व्हायचा.

अभिनंदनाचा फोन केला. उचलला नाही.

मंगळवार, १२ मार्च

दुपारी पुन्हा त्याच चित्रपटगृहात गेले. वही, पेन, चष्मा.

शीर्षके आरंभी. एकच दुकान, एकच कात्री. खिळा. ‘मध्यंतर’, आणि खरोखरच मध्यंतर! मग भिंत, अबोला, मरण, व्हायोलिन, नामावली. नवऱ्याचे अक्षर अन् अक्षर खरे. (हे त्याला सांगायचे की नाही, ते नंतर ठरवीन.)

यंत्रचालकाला गाठले. तो जिन्यात वडा खात उभा होता.

“तीन तारखेची, रविवार सकाळ? हां, हां. त्या दिवशी दोन भाग उलटे लागले. दुसरा आधी सुटला.”

“आणि तुम्ही थांबवले नाही?”

“अर्ध्यावर कळलं, मॅडम. सात-आठ माणसं होती. कोणी बोंबललंच नाही! म्हटलं, कळतंय वाटतं सगळ्यांना. तुम्हीच ना त्या, शेवटी एकट्या टाळ्या वाजवत होता?”

होय. मीच ती.

बुधवार, १३ मार्च

आता तिचे रडणे समजले. ‘मध्यंतर’ ही पाटी सगळ्याच चित्रपटांत येते, आणि मी तिच्यावर दीड परिच्छेद लिहिला! तिच्या जागी मी असते तर मलाही थट्टाच वाटली असती.

पण यापुढचे काही समजत नाही. मी जे वाखाणले ते तिने केलेले नाही. ते एका माणसाच्या निष्काळजीपणाने केले. आणि तिने जे केले, ज्याला पुरस्कार मिळाला, ते मला काल साधारण वाटले. नेटके, गोड, साधारण. भिंत निघाल्यावर सगळे सुटते आणि आपण मोकळे होऊन घरी जातो. त्या पहिल्या रविवारी मी मोकळी झाले नव्हते. रस्ता ओलांडायचे विसरून तशीच उभी होते.

मग माझी पसंती ही पसंती होती की अपघात? चुकीने लागलेला क्रम बरोबर असू शकतो का? वर्गात कोणी हा प्रश्न विचारला असता तर मी हसले असते.

तिला एवढेच कळवले: ‘चित्रपटगृहाच्या चुकीने मी उत्तरार्ध आधी पाहिला. खात्री करून घे. थट्टा नव्हती. लिहिलेले एक अक्षरही मागे घेत नाही.’ दुसऱ्यांदा पाहिल्याचे लिहिले नाही. ते लिहिले तर पुरस्कार तिच्या हातून हिसकावल्यासारखे होईल. न लिहिणे म्हणजे खोटे बोलणे. दोन्ही टोचते.

गुरुवार, १४ मार्च

तिचे उत्तर नाही. निळ्या खुणा मात्र उमटल्या आहेत. वाचले आहे.

शनिवार, १६ मार्च

सकाळी दार वाजले. धाकटी. बस म्हटले तर बसली नाही.

“ताई, मी आधी तसाच जोडला होता. भिंत आधी, हसणं नंतर, शेवट खिळ्यावर. तीन महिने भांडले मी. दिग्दर्शक म्हणाले, एकाही प्रेक्षकाला कळणार नाही. आणि उलटवून घेतला माझ्याकडून.” श्वास घेतला. “परदेशात दाखवायची प्रत बनतेय. क्रम सोमवारी पक्का होणार. त्यांना म्हटलं, एका प्रेक्षकाला कळलाय. तर म्हणाले, आणा तो प्रेक्षक.”

मी बोलायला तोंड उघडले. तिने हात वर केला.

“तोंडी नको. तोंडी तू दुरुस्त्या सांगतेस. दोन्ही क्रम बघ आणि कुठला खरा ते सांग. माझी बहीण म्हणून नाही. उद्या संध्याकाळपर्यंत, तुझ्या सहीनिशी, मला लेखी उत्तर हवंय.”