अर्पाचं पुढे काय झालं

मुर्री, गोंदिया
ईस्टरचा सोमवार, ९ एप्रिल २०१२

प्रिय रविता,

प्रभूच्या नावाने तुला सलाम. घरात मोबाइल असताना ही म्हातारी सासू पत्र कशाला खरडत बसली, असं तुला वाटेल. फोनवर आधी तू रडतेस, मग मी रडते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. अंगणवाडीत इतकी वर्षं पोरांची नावं लिहिली, त्यामुळे माझं अक्षर वाचता तरी येतं. पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून पाणी भरायला जाऊ नकोस.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी तुझे बाबा आले होते. आपल्याकडच्या झावळ्या दरवर्षीप्रमाणे शिंदीच्याच. पोरं त्या हलवत देवळाबाहेर पडत होती आणि मनिरामभाऊ फाटकाशी टोपी हातात धरून उभे. चहासुद्धा घेतला नाही. चिचगडचं स्थळ आलंय, मुलगा जंगल खात्याच्या नर्सरीत कामाला आहे, विधवा म्हणून नाक मुरडत नाही, आणि तू नाही म्हणून बसली आहेस, हे सगळं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. "आयकूनच नाही राहिली वो बाई. म्हणते, माई एकटी आहे, ईस्टर झाला का मी मुर्रीले जातो."

खरं सांगू? मला आनंद झाला. तुझी आई तू लहान असतानाच गेली, त्या माणसाने एकट्याने तुला वाढवलं, आणि तो माझ्यासमोर डोळे पुसत असताना मी मनातल्या मनात तुझी खाट कुठे टाकायची ते ठरवत होते.

हे लेंटचे, उपासाचे दिवस मला फार जड गेले गं. राखेच्या बुधवारी पाळकसाहेबांनी कपाळाला राख लावली आणि तू माती आहेस, मातीला मिळशील, असं म्हणाले. भादव्यात मी माझ्या हाताने पोटच्या भूपेंद्रवर माती टाकली. मला हे कोणी सांगायची गरज होती का? पुढे एका रविवारी नाईन गावच्या विधवेचा पाठ आला. तिच्या एकुलत्या एक पोराची तिरडी निघालेली, प्रभूला दया आली, त्याने हात लावला आणि पोरगा उठून बसला. सगळे आमेन म्हणाले. मी तोंड मिटून बसले. नाईनचा रस्ता सापडतो, मग मुर्रीचा का सापडू नये? उपास मात्र एकही मोडला नाही. रागारागात का होईना, सगळे धरले.

राग माझा माझ्यावरही आहे. माझं लग्न जुळवताना घरच्यांनी कुळाचे देव मोजले होते, दोन्हीकडे सारखेच भरले तर सोयरीक होत नाही. सासरचे सहा देवांचे, आम्ही सात देवांचे, म्हणजे जमलं. नंतर आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला, तरी तुला बघायला आले तेव्हा मी तुझ्या आजीला हळूच देव विचारलेच. येशूचं नाव घेणारी मी, पण ती सवय काही सुटली नाही. रक्त मात्र कोणीच कोणाला विचारलं नाही. भूपेंद्रचे सांधे लहानपणापासून ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे. आम्ही तेल चोळलं, प्रार्थना केली, पोरगं कमजोर आहे म्हणत राहिलो. तुमच्या लग्नानंतर गावात सिकलसेलचं शिबिर आलं, तेव्हा कार्डं हातात पडली. त्याचं लाल, म्हणजे आजाराचं. माझं पिवळं आणि तुझंही पिवळं. आपल्याला आजार नाही, पण तो आपल्या रक्तात आहे आणि पोटच्या पोराला जाऊ शकतो. त्या दिवसापासून तुम्ही दोघांनी लेकराचा विषय काढणं बंद केलंत. मला ते कळत होतं. मी कधी विचारलं नाही.

तर त्याच झावळ्यांच्या रविवारी चिठ्ठ्या उचलल्या. उत्तम शुक्रवारी क्रुसावरचे सात उद्गार सात जणांनी समजावून सांगायचे, ही आपल्या मंडळीची रीत तुला ठाऊक आहे. मला तिसरा आला. जीव जाता जाता प्रभू आईला म्हणतो, बाई, हा बघ तुझा मुलगा. आणि शिष्याला म्हणतो, ही बघ तुझी आई. मग तो शिष्य तिला आपल्या घरी घेऊन जातो. मी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. पाळकसाहेब म्हणाले, बदलून देतो. मी म्हटलं, राहू द्या. पण डोकं फिरलं होतं. मुलाच्या बदल्यात मुलगा, दुकानात फुटकी बरणी बदलून देतात तसा? आणि मरियेने त्यावर काय म्हटलं, ते कोणी लिहूनच ठेवलं नाही.

तू परत येणार हे मंडळीत पसरलं आणि बायांनी तुला रूथ करून टाकलं. रूथ म्हणजे आपल्या विधवा सासूला, नामीला, सोडून न गेलेली विधवा सून. ओमेश्वरीबाई म्हणाली, "अशी सून भेटाले नशीब लागते, धनवंता." मीही मान डोलावली. घरी येऊन तो पाठ पुन्हा काढला, म्हटलं आपलं कौतुक आपणच वाचू. तर नामीला सुना दोन होत्या. दुसरी अर्पा. नामीने दोघींनाही सांगितलं होतं, परत जा, नव्या नवऱ्याच्या घरी तुम्हाला सुख लाभो. अर्पाने सासूचा मुका घेतला, खूप रडली आणि गेली. त्यानंतर तिच्याबद्दल एक ओळ नाही. उपदेशात तिचं नाव येतं तेव्हा सगळे जरा आवाज बारीक करतात, आणि मीही इतकी वर्षं तिला हलकीच समजत होते. तिने काय वाईट केलं? सासूचंच तर ऐकलं. तिचं पुढे काय झालं असेल, हा विचार या आठवड्यात माझ्या मनातून हलला नाही.

शुक्रवारी दुपारी लाइट गेली होती, देवळात उकडून जीव जात होता. मी तिसरी उभी राहिले आणि लिहून नेलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, त्या आईच्या तोंडून शब्द फुटला नसेल, मी दवाखान्यात उभी होते, मला माहीत आहे. मग जे बोलले ते तुला अजून कोणीच सांगितलेलं नाही. तू रक्ताच्या बाटलीसाठी खाली गेली होतीस. भूपेंद्रने माझा पदर धरला आणि म्हणाला, "माई, रविताले एकटी नको ठेवजो." तू वर आलीस तेव्हा त्याचं बोलणं थांबलं होतं.

तुला माझ्याजवळ ठेवून घ्यायचं, असाच अर्थ मी आजवर धरून बसले होते. तो मला सोयीचा होता. पण तिथे उभी असताना मला पहिल्यांदा दिसलं की प्रभूने आईला कबरीशी बसवून ठेवलं नाही, एका जित्याजागत्या घरात पाठवलं. माझं घर आता तसं नाही, रविता. इथे भिंतीवर त्याचा फोटो आहे, खुंटीला त्याचा शर्ट आहे आणि रोज कबरस्तानात जाऊन येणारी एक म्हातारी आहे. इथे माझ्यासोबत राहिलीस तरी तू एकटीच राहशील.

शनिवारी कबरींना चुना मारला. दरवर्षी बापाच्या कबरीला भूपेंद्रच मारायचा. यंदा दोन कबरी आणि मारणारी मी. काल पहाटे सगळे मेणबत्त्या घेऊन तिथे जमले, प्रभू उठला आहे म्हणून गायले. मीही गायले. माझा उठला नाही. एक दिवस उठेल असं मी मानते, न मानून जाऊ कुठे? पण काल तरी मेणबत्तीचं मेण ताज्या चुन्यावर सांडलं आणि आम्ही घरी आलो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. शुक्रवारच्या आधी, मंगळवारी मी बसने चिचगडला गेले होते. खोट काढायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. त्या मुलाचं, नंदलालचं कार्ड पिवळं निघावं, अशी वाटभर प्रार्थना केली. मग मला छातीठोकपणे म्हणता आलं असतं की हे लग्न नको, पोरीला माझ्याकडेच येऊ द्या. त्याची आई अंगणात मोह वाळत घालत होती. विचारलं, "तुमी पोरीच्या कोन?" माझ्या तोंडून निघून गेलं, पोरीची माय. ती लगेच देव विचारायला लागली. मी म्हटलं, देव मागून मोजू, आधी पोराचं कार्ड आणा. नंदलालने पेटीतून ते काढून माझ्या हातात दिलं. पांढरं आहे, रविता. अगदी पांढरं, रक्तात काहीच नाही. मी ते उलटसुलट करून पाहिलं. तुझ्या पोटचं लेकरू फार तर तुझ्यासारखं पिवळ्या कार्डाचं होईल. लाल कुणाचंच होणार नाही. परतीच्या बसमध्ये मी देवरीपर्यंत रडत आले. त्यातलं किती तुझ्यासाठी होतं आणि किती माझ्यासाठी, हे विचारू नकोस. त्यांच्या घरी अजून जुने देव आहेत, पाळकसाहेबांना हे पटणार नाही. त्यांचं मी पाहून घेईन. तू हो म्हण. लग्न माझ्या अंगणातून होईल, म्हणजे चिचगडला मी बोलले ते खोटं राहणार नाही. नंतर चिचगडलाच राहा, माझ्यासाठी इकडे येऊ नकोस. अर्पाचं पुढे काय झालं ते कोणी नामीला कळवलं नाही. तुझं तेवढं मला कळवत जा.

तुझीच,
माई