आतून तपासायचं नाही

३ जानेवारी
पोचलो एकदाचे! आमची भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि मला जिने चढायला मनाई, म्हणून बाळंतपणापर्यंत मुक्काम नवऱ्याच्या घरी. दवाखानाही इथून वीस मिनिटांवर. माझी खोली उजेडाची आहे. खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे शिंपीणबाईंचं दुकान. घरात थोरले दीर, त्यांच्या दोन मुली आणि आत्याबाई, म्हणजे नवऱ्याची आत्या. सासूबाई आणि थोरल्या जाऊबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. घर आत्याबाईंनीच सांभाळलं. चाळीस वर्षं सुईण होत्या त्या. मला पाहताच म्हणाल्या, पदवी घेऊन झाली, आता पोर घे. सगळे हसले, मीही.

६ जानेवारी
सगळ्यांना बसवून नीट समजावलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, एवढं तरी यायला हवं. बाळाची वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडावर, दारातच कुणी गादी टाकून झोपावं तशी. बाळ त्या वाटेने येऊ शकत नाही. म्हणून कळा सुरू होण्याआधी, वीस फेब्रुवारीला शस्त्रक्रिया. रक्ताची सोय करून ठेवलेली आहे. दुखत नसलं तरी थोडं जरी रक्त दिसलं तर तडक दवाखाना. आणि कुणीही आतून तपासायचं नाही. नुसत्या बोटाच्या धक्क्याने वार सुटू शकते, मग रक्त आवरत नाही. हे वाक्य डॉक्टरीणबाईंनी दोनदा अधोरेखित केलंय. सगळं सुवाच्य लिहून कागद कपाटाला चिकटवला. आत्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली. माणसं हट्टी नसतात, त्यांना कुणी समजावून सांगत नाही, एवढंच.

१९ जानेवारी
आत्याबाई म्हणाल्या, चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही मूल गेलं नाही. दीर, नवरा, दोन्ही पुतण्या, सगळे मागच्या खोलीत त्यांच्याच हातावर जन्मले. केवढं काम! त्यांच्यावर लेख लिहीन म्हणते. मागच्या खोलीला चुना काढलाय. पाहुणे येणार असतील.

२ फेब्रुवारी
शिंपीणबाईंकडे जाऊन आले. आत्याबाईंनी झबली-दुपटी शिवायला टाकलीत, ढीगभर. मी स्वतःसाठी दोन सैल गाऊन सांगितले. त्या उगाचच बराच वेळ माप घेत राहिल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "पोरी, तुझं काही टाकलेलं नाही त्यांनी. थोरलीचंही टाकलं नव्हतं."

३ फेब्रुवारी
नवऱ्याला खोदून विचारलं. सासूबाई गेल्या तो दिवस त्याच्या जन्माचा. जाऊबाई धाकट्या पुतणीच्या. दोघी मागच्या खोलीत. हे मला लग्नाआधी सांगायचं राहून गेलं म्हणे.
आत्याबाईंना विचारलं, आणि आया? त्यांना प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "मी मुलांचं सांगत होते."

७ फेब्रुवारी, सकाळ
रक्त. लालभडक. दुखत नाही. थांबलं.
दवाखान्यात चल म्हटलं. नवरा म्हणाला, आधी आत्याला एकदा बघू दे, तिच्या हाताला यश आहे, पोट फाडावं लागणार नाही. मी कपाटाकडे बोट दाखवलं. कागद नव्हता. डिंकाचे चार डाग.
दवाखान्याची पिशवी रिकामी. बाळाचे कपडे मागच्या खोलीत, घड्या घालून. माझे कुठेच नाहीत. फोन दिरांच्या खिशात.

दुपार
आतून कडी लावलीय. पुन्हा रक्त — जास्त.
खिडकीतून हाक मारली. शिंपीणबाईंनी मान वर करून पाहिलं. मग मशीन चालू केलं.

नवरा दाराशी. गोड बोलतोय. एवढी शिकलीस आणि घाबरतेस, म्हणतो. कडी हलतेय —

आत्याबाई उंबऱ्यावर बसून नखं कापताहेत. ऐकू येतंय. दहा मोजली.

आता पाणी ओततंय कुणी. हात धुताहेत. साबणाने, स्वच्छ, किती स्वच्छ —

एक बिजागरी निघाली. उठवत नाही. मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिते, पोटावर धरते, दार पडल्यावर पहिलं हेच दिसेल त्यांना —

आतून तपासायचं ना