पुस्तकात मेलेले काका

क्वीन्स, न्यूयॉर्क

प्रिय आमा,

पायांवर डोकं ठेवतो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. माझी तिसरी कादंबरीही आपल्या कालिम्पोंगचीच. इथली मोमोवाली म्हणाली, "आपली माणसं बरी पकडलीस रे."

दिदीचा फोन आला होता. कादंबरीतले काका मरतात म्हणून मोठे काका रुसलेत म्हणे. "मेलेल्या माणसाचा दसैंचा टिळा कशाला हवाय त्याला?" असं सगळ्यांदेखत बोलले. त्यांचा गुडघा कसा आहे?

मी दसैंला येतोय; थोरल्यांच्या हातचा टिळा कपाळी लागल्याशिवाय कसला दसरा? टिळ्याचे तांदूळ तू दह्यात कालव, पण ताट त्यांच्याच हातात दे.

खरं तर बाबांचं मरण लिहायला बसलो होतो. हात चालेना, म्हणून काकांना मारलं. एवढं त्यांना सांग.

तुझा धाकटा,
सुवास