उपाशी वाकळ

१२ नोव्हें., बुध.

संतोष सकाळीच येऊन गेला. अक्काचा नातू. गडहिंग्लजहून गाडीने आला, अर्धा चहा तसाच टाकून गेला, मागे एक बोचकं ठेवून. "आजोबा, आज्जीनं सांगितलंय, बाळाला वाकळ तुमच्याच हातची पायजे. उष्टावणाच्या आत द्या." बाळ संतोषचं, पाच महिन्यांचं. अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. वय एक्याऐंशी, आवाज अजून तिशीतला.

दुपारी बोचकं सोडलं. दोन सुती पातळं, एक धोतर, झिजून मलमल झालेल्या दोन चादरी. सगळ्यात तळाशी हिरवं इरकल, लाल पदराचं.

शा.चं.

पदर बघावा लागला नाही. ओच्याच्या अंगाला माझीच रफू. हिरवा दोरा संपला म्हणून निळ्याने केलेली. चाळीस वर्षं इचलकरंजीत कापड तपासलं, स्वतःची रफू कशी चुकेल.

(शा. माझी बायको. या वहीत एवढंच अक्षर. पूर्ण नाव लिहिलं की त्या दिवशी पुढे काही लिहून होत नाही.)

१३ नोव्हें.

दोन वर्षांपूर्वी शा.च्या तेराव्याला बायका तिची लुगडी वाटून घेत होत्या. द्यायची ती मीच काढून दिली. हे एक मांडीवर घेऊन बसलो होतो. अक्काने सगळ्यांदेखत मांडीवरून उचललं. "मेलेल्या बाईचं लुगडं घरात ठिवू नये, दिन्या. जीव अडकतो." मी चौऱ्याहत्तरीला आलो तरी हिच्यासाठी दिन्याच.

अडकू दे की जीव. माझ्या घरात अडकला असता.

आणि आता वाकळीचं आस्तर म्हणून परत पाठवलंय! कुणाचं आहे हे आठवतसुद्धा नसेल तिला. किंवा आठवत असेल. दुसरं जास्त वाईट.

मुमताजभाभींना दाखवलं. शेजारच्या. ब्लाउज शिवतात, माझ्यासाठी चिंध्यांची पिशवी बाजूला ठेवतात. हातात घेऊन म्हणाल्या, "हे तर चाचींचं. पंचमीला नेसायच्या." मग, "काका, आता काय करणार?"

म्हटलं, वाकळ शिवणार.

"मग हसताय कशाला असं? भ्या वाटतंय की तुमचं."

१५ नोव्हें., शनि.

आज एकही टाका नाही. नुसतं आठवत बसलो. एकदा लिहून टाकतो.

इचलकरंजी. मागाच्या शेडमागे आमच्या दोन खोल्या. अक्काचा नवरा पलटणीत, म्हणून ती माहेरीच. आई अंथरुणाला खिळलेली. स्वयंपाकघर अक्काच्या ताब्यात. भाकरीची बुट्टी ती खुंटीला उंच टांगायची. अक्का उंच. शा. ठेंगणी, नवी नवरी, हात पोचायचा नाही. आधी आम्ही पुरुष, मग अक्का, मग उरलं तर शा. उरायचा तो भाकरीचा काठ आणि खर्डा.

पोटाशी असताना, सहावा महिना, शा.ने एकदा पाटावर पाट ठेवून अर्धी भाकरी काढली आणि ओच्यात खोवली. अक्काने पकडलं. शेजारणी दारात उभ्या. त्यांच्यासमोर ओचा सोडायला लावला. "घरात चोर पोसलाय आम्ही."

हेच इरकल होतं अंगावर.

मी सोप्यात होतो. जेवण झालं की मोठ्याने कविता म्हणायची माझी सवय. चौथीच्या पुस्तकातल्या, सातवीच्या, मागाच्या ठेक्यावर सगळ्या बरोबर बसायच्या. त्या खटाखटीत मला आतलं काही ऐकू आलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी शा.नेच सांगितलं. हसत सांगितलं.

१६ नोव्हें.

तिचं हसणं आठवून राग दुप्पट.

१८ नोव्हें., मंगळ.

ठरलं.

गच्चीवर चादरी अंथरल्या, वर पातळं, कडेला चार विटा. इरकल त्यात घातलं नाही. ते घडी करून माझ्या उशीखाली. फक्त एक तिकोनी तुकडा कापून घेतला, तळहाताएवढा. रफूचाच. निळा दोरा मधोमध येईल असा.

वाकळ शिवायला शा.कडूनच शिकलो. ती शिवायची, मी सुया ओवून द्यायचो. ती गेल्यावर तिची अर्धी राहिलेली पुरी केली, तेव्हापासून लोक बोचकी आणून देतात. शा.ची एक रीत. तीन कोपरे मिटवायची, चौथा मोकळा. सगळी शिवून झाली की चौथ्यात घास. म्हणजे उन्हात कडक केलेला भाकरीचा तुकडा, नखाएवढा. वर ठिगळ. दरवर्षी वाकळ धुतली की जुना काढून नवा. "वाकळ उपाशी ठेवू नये हो. खाली निजलेलं माणूस तळमळत राहतं." कुणाची वाकळ तिने उपाशी ठेवली नाही. अक्कासाठी शिवली, तिच्यातही घातला. मी बघितलंय.

मी घालणार नाही.

टाका असा बारीक घालीन की गडहिंग्लजच्या बायका बोटं लावून बघतील. काठ सरळ, आस्तर मऊ, कुठे नाव ठेवायला जागा नाही. आणि चौथा कोपरा रिकामा. वर शा.चं हिरवं ठिगळ, कळायला.

तळमळू दे सगळं घर.

२० नोव्हें.

पहिली बाजू झाली. बोटाला दोनदा सुई. उजवा खांदा धरलाय, हात कानाच्या वर जात नाही. बरं, शिवायला वर कशाला लागतोय.

२३ नोव्हें., रवि.

संतोषने फोनवर बाळाचा फोटो पाठवला. मूठ तोंडात. डोक्यावर अक्कासारखा भोवरा. खाली लिहिलंय, "आजोबा, कुठवर आलं?"

दिवसभर सुई हातात घेतली नाही. त्या लेकराने काय केलंय माझं? हे मुमताजभाभीही म्हणाल्या. "बच्च्याला कशाला मध्ये घेताय, काका? बुढ्ढीशी भांडायचंय तर फोन लावा की सरळ. शिव्या द्या चार. मी शिकवते हव्या तर."

म्हटलं, शा.च्या पोटातल्या लेकराने तरी काय केलं होतं, उपाशी राहायला?

जाताना, "ते बी खरं," म्हणाल्या. पण ते त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हटलं.

२४ नोव्हें.

परत सुरू. आज टाक्यागणिक शब्द सुचत गेले:

मऊमऊ वाकळ, बारीक टाके,
कोपऱ्यात भूक, अक्का जागे.

शाळेतल्या गुरुजींनी यमकावर लाल रेघ मारली असती. वर्गात उभं करून म्हणायला मात्र लावलं असतं. ते चाल लावायचे छडी टेबलावर आपटून, आणि पावसाची कविता आली की खिडक्या उघडायला सांगायचे, पाऊस असो नसो. अशी माणसं आता

(दारात उसाची ट्रॉली अडकली. अर्धा तास नुसता हॉर्न. काय लिहीत होतो ते गेलं.)

२७ नोव्हें., गुरु.

आज चौथा कोपरा.

सकाळची भाकरी ताटात होती. हाताने सवयीने नखाएवढा तुकडा मोडला. बघत बसलो त्याच्याकडे. मग खाऊन टाकला.

कोपरा मिटवला. हिरवं ठिगळ बसवलं. निळी रफू बरोबर मध्ये. इतकं देखणं काम आजवर माझ्या हातून झालं नाही. शा. असती तर आधी कौतुक केलं असतं, मग बोटाने कोपरा चाचपला असता, आणि मग

३० नोव्हें., रवि.

संतोष वाकळ घेऊन गेला. "आजोबा, मशीनवर बी असलं येत न्हाय की!" पाया पडला. तोंड भरून आशीर्वाद दिला. लाज वाटली नाही.

४ डिसें.

गडहिंग्लजहून काही नाही. रोज फोनशेजारी बसतो. मुमताजभाभी म्हणतात, "परीक्षेच्या निकालाची वाट बघताय जणू."

५ डिसें.

संतोषचा मेसेज. बाळ चार दिवस रात्री झोपत नाही, किरकिर करतंय. डॉक्टरला दाखवलं.

वाचून पोटात गोड वाटलं. लिहायला नको होतं, पण वाटलं ते वाटलं. जेवण मात्र गेलं नाही.

७ डिसें., रवि.

अक्काचा फोन. जसं बोलणं झालं तसं लिहितो, उद्या मी बदलीन म्हणून.

"दिन्या, पोरगं निजत न्हाय."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"काय न्हाय म्हंतो. दात येत असतील म्हंतो. मी वाकळ चाचपली. चौथा कोपरा पोकळ हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घास घातला न्हाईस."

"नाही."

"आनि वर तिच्या लुगड्याचं ठिगळ. मला समजावं म्हनून."

"हो."

वाटलं आता ओरडेल. त्यासाठीच तर दहा दिवस डोळे फोडले. पण आवाज खाली आला. "दोन वर्सं मीच नेसले ते, फाटंस्तोवर. बुट्टी मी वर टांगत हुते, व्हय. ओचा मी सोडला, व्हय. चोर बी मीच म्हनलं. पर जे केलं ते तिच्या तोंडावर केलं. तू कुटं हुतास?"

"सोप्यात. मागांच्या आवाजात मला..."

"कुटला आवाज? वीज गेलती की त्या दिशी. माग बंद हुतं समदं. मी वरडले, तसा तू कविता म्हनायचा आवाज चढिवलास. आयकलंय मी. तिनं बी आयकलंय."

मग तीच म्हणाली,

"गुरवारी येते. वाकळ घिऊन. उष्टावणाआधी तो कोपरा भरला पायजे. घास तुझ्या घरचा पायजे, तिच्या बुट्टीतला." ठेवला.

८ डिसें.

माग बंद होते. बरोबर आहे तिचं. १५ तारखेला वर लिहिलंय ते खोटं. खोडत नाही. राहू दे.

नदीची कविता होती. सात कडवी. शेवटचं मी दोनदा म्हटलं, कारण आत अजून संपलं नव्हतं. आणि शा.ने पुढे ते मला सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड केलं. म्हणून हसली होती की काय?

संध्याकाळ

पण म्हणून अक्का सुटत नाही. मुळीच नाही.

सगळं कबूल केलं आणि नाव नाही घेतलं. "तिच्या", "तिनं". नवरी होऊन आली तेव्हा "ए". मेली तेव्हा "ती". मधली पन्नास वर्षं अक्काच्या तोंडून तिचं नाव मी एकदाही ऐकलेलं नाही. ते घेतल्याशिवाय घास मिळणार नाही. तिच्या पणतवाचं उष्टावण असो नाही तर मुंज.

९ डिसें.

माळ्यावरून बुट्टी काढली. शा.ची तीच, इचलकरंजीहून आणलेली. तळ सुटलाय एका अंगाला, दोऱ्याने आवळला. धुऊन उन्हात ठेवली.

१० डिसें., बुध.

मुमताजभाभी विचारून गेल्या. "काका, उद्या भाकऱ्या किती थापू?" म्हटलं, चार. आणि एक छोटी, कडक भाजून. "बुढ्ढीला वाढणार ना जेवायला?" म्हटलं, वाढणार, पण सगळ्यांच्या शेवटी. त्या हसल्याच. "सगळे म्हणजे कोण? तुम्ही दोघंच की घरात."

दुपारी बुट्टी टांगली. स्वयंपाकघरातल्या हुकाला, वर, तेव्हाच्या खुंटीइतकी उंच. स्टुलावर चढून डाव्या हाताने. अक्का आता कमरेत वाकलीय, तिचा हात पोचणार नाही. मागावा लागेल घास. कुणाच्या बुट्टीतला ते नाव घेऊन मागावा लागेल. ती खाली उभी, मान वर करून, आणि मी शेजारी. किती तरी दिवस हे चित्र बघतोय.

स्टूल बाजूला केलं आणि सहज हात वर करून बघितला. माझाही पोचत नाही.

स्टूल मुमताजभाभींकडे नेऊन ठेवलं, घरात नकोच म्हणून. चार वाजता परत मागून आणलं. आता दाराआड आहे. सुई ओवून ठेवलीय, हिरव्या दोऱ्याने.

वहीत तिचं नाव लिहून बघावं म्हणून पान उलटलं. शा. पर्यंत आलो.

अक्काची गाडी उद्या सकाळी दहाला निघणार. आधी नाव कुणी घ्यायचं एवढं मात्र अजून